अंदमानला स्कूबा करणार आहात? मग प्लॅनिंग परतीच्या विमानापासून सुरू करा

थंडी सुरू झाली की इन्स्टाग्रामवर अंदमानच्या रील्सचा पूर येतो. निळंशार पाणी, रंगीबेरंगी प्रवाळ आणि कॅमेऱ्यासमोरून सुळकन जाणारा निमो मासा. रील बघितली की आपण दोनच गोष्टी शोधतो. स्कूबाचा रेट किती आणि विमानाचं तिकीट केवढ्याला?

पण या दोन गोष्टींचा एकमेकांशी थेट संबंध आहे. स्कूबा करून आल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. का, ते आधी समजून घेऊ.

पाण्याखाली शरीरात काय होतं?

जमिनीवर आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच दाब समुद्रात दर 10 मीटरला वाढतो. म्हणजे 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट आणि 20 मीटरवर तिप्पट.

पाठीवरच्या सिलेंडरला सगळे ऑक्सिजन सिलेंडर म्हणतात, पण त्यात बहुतेक वेळा साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली. हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो श्वासातून आत जातो आणि तसाच बाहेर येतो. पण दाब वाढला की तो रक्तात आणि मांसपेशींत विरघळायला लागतो. जितकं खोल जाल आणि जितका वेळ थांबाल, तितका जास्त.

आता गोटी सोडा आठवा. बाटली बंद असते तेव्हा आतला गॅस दिसत नाही. गोटी दाबली की फसफसून बुडबुडे येतात. डायव्हर झपकन वर आला, तर नायट्रोजनचं असंच होतं. बुडबुडे सांध्यांत, रक्तात, कधी मज्जारज्जूतही तयार होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, गंभीर प्रकरणात अर्धांगवायू किंवा मृत्यूही ओढवू शकतो. याला डिकम्प्रेशन सिकनेस किंवा बोलीभाषेत 'बेंड्स' म्हणतात.

हा आजार पूल बांधणाऱ्यांनाही झाला

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा पाया खणताना मजूर नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या मोठ्या पेट्यांमध्ये उतरून काम करायचे. वर आल्यावर अनेकांना भयंकर वेदना व्हायच्या. 1872 मध्ये मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग यांनाच या आजारानं गाठलं. पुढची अनेक वर्षं त्यांना साइटवर जाता आलं नाही. त्यांची पत्नी एमिली यांनी कामाची सूत्रं सांभाळली आणि 1883 मध्ये पूल खुला झाला.

पुढे जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं बोकड आणि शेळ्यांवर प्रयोग केले आणि 1908 मध्ये किती खोलीवरून किती वेळानं वर यायचं याची तक्तेवारी मांडली. आज डायव्हरच्या मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर हेच गणित करतो.

मग विमानाचा संबंध काय?

विमानातली हवा जमिनीसारखी दाट नसते. केबिनमधला दाब साधारण 2,400 मीटरपर्यंतच्या उंचीवर असतो तेवढा कमी होऊ शकतो, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास दीडपट उंची. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना तिथं गेलात, तर ती बाटली पुन्हा उघडल्यासारखंच झालं.

म्हणून डायव्हिंगच्या डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा: एकच साधी डाईव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, आणि अनेक डाईव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान 18 तास. सोपं लक्षात ठेवायचं तर पूर्ण 24 तास सोडा.

उदाहरणार्थ, शनिवारी सकाळी 8 चं विमान असेल, तर शेवटची डाईव्ह शुक्रवारी सकाळी 8 च्या आत संपायला हवी. म्हणजे प्रत्यक्षात गुरुवारीच. त्यामुळे आधी स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, उरकून घ्या आणि शेवटचा दिवस श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, इथं ठेवा. सेल्युलर जेल त्या दिवशी निवांत बघता येतं. शिवाय हवामान बिघडून बोट रद्द झाली, तर हाताशी एक दिवस राहतो.

हवा किती पुरते?

समजा सिलेंडर 11 लिटरचा आहे आणि 200 बार दाबानं भरलेला आहे. म्हणजे 2,200 लिटर हवा. त्यातले 50 बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला 1,650 लिटर. एखाद्याला जमिनीवर मिनिटाला 20 लिटर हवा लागत असेल, तर 10 मीटरवर 40 लागते. सिलेंडर 41 मिनिटं पुरतो. तोच 20 मीटरवर 27 मिनिटांत संपतो. घाबरून धापा टाकल्या, तर आणखी लवकर.

म्हणूनच कोर्स न केलेल्या पर्यटकांना साधारण 12 मीटरपर्यंतच नेतात. ओपन वॉटर कोर्स केलेल्यांची मर्यादा 18 मीटर आहे. "अजून थोडं खाली नेतो" असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

बाकी या गोष्टी पाठ करा

* पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका. 10 मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.
* मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगानं वर येऊ नका. 5 मीटरवर 3 मिनिटं थांबा.
* सर्दी असेल तर डाईव्ह पुढे ढकला. कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडदा फाटू शकतो.
* दमा, हृदयविकार, फिट्स, गर्भावस्था यातलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.
* आदल्या रात्री दारू नको, पाणी भरपूर प्या.
* डाईव्हनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर "थकवा असेल" म्हणून झोपू नका. लगेच इन्स्ट्रक्टरला सांगा आणि हॉस्पिटल गाठा.

आणि प्रवाळांना हात लावू नका

प्रवाळ दिसायला दगडासारखे असले, तरी ते जिवंत प्राण्यांची वसाहत असतात. काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. तुमच्या फिनचा एक फटका म्हणजे कित्येक वर्षांची वाढ गेली. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्यांना वाघासारखंच पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला तुकडाही आठवण म्हणून बॅगेत टाकू नका.

तारकर्लीला पंधरा-वीस मिनिटं पाण्यात जाऊन आलात म्हणून अंदमानला हे नियम लागू नाहीत, असं समजू नका. तिकीट बुक करताना फक्त एक गोष्ट करा. आधी परतीच्या विमानाची वेळ लिहा, त्यातून 24 तास वजा करा आणि मगच डाईव्हची तारीख ठरवा.