सुईचे भय आणि विशेष गरजा असलेली बालके

नागपूर जिल्ह्यातील शाळांत सुईचा प्रसंग वारंवार येतो. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस टोचली जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून झाली. शिवाय विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्यामुळे बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते. त्यात संशय आल्यास निदानासाठी शिरेतून रक्त घ्यावे लागते. ज्याला हा आजार आहे, त्याची सुईपासून जन्मभर सुटका नाही. या आजारात काही बालकांना पक्षाघात होऊन त्यांची आकलनशक्ती मंदावते, हेही शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. म्हणजे ज्याला तपासणीची गरज अधिक, त्यालाच ती समजणे अधिक कठीण.

इतर मुले बहुधा घटकाभर रडतात व विसरतात. बौद्धिक अक्षम अथवा स्वमग्न बालकाचे पुष्कळदा तसे नसते. स्पिरिटचा वास, दंडाला आवळलेली रबरी पट्टी, रांगेतील गलका, अनोळखी हाताचा स्पर्श यांनीच ते सुईपूर्वी भेदरून जाते. मग चौघांनी धरून काम उरकले जाते. त्या दिवसाचे काम होते खरे; परंतु पुढे ते बालक पांढरा अंगरखा दिसताच पळते, प्रसंगी शाळाही टाळते, आणि ज्या तपासणीवर त्याचे उपचार अवलंबून, तीच हुकते.

यावर उपाय तपासणीच्या दिवशी नव्हे, आठ-दहा दिवस आधी सुरू करावा. खुर्चीवर बसणे, बाही वर करणे, ओला कापूस, पट्टी, टोचणे आणि घरी जाणे अशी साधी चित्रे काढून रोज त्याच क्रमाने दाखवावीत. फीत व टोपण लावलेले पेन घेऊन बाहुलीवर, नंतर बालकाच्या हातावर सराव करावा. बोलणे घरच्या भाषेत असावे. ज्या घरी गोंडी बोलतात तेथे आईलाच सांगू द्यावे. “काही दुखणार नाही” असे मात्र सांगू नये. “थोडे टोचेल, दहा अंक मोजेपर्यंत संपेल” असे खरे तेच सांगावे. “गप्प बैस, नाहीतर सुई देईन” ही धमकी घराघरांत चालते, आणि खेदाने म्हणावे लागते, वर्गातही चालते. ती प्रथम बंद व्हावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी जे सुचविले, त्यात पालकांनी जवळ असणे, लहानग्याला मांडीवर घेणे व मोठ्याला ताठ बसविणे यांचा समावेश आहे. निजवून दाबून धरल्याने भय वाढते. अशा बालकाला रांगेत न ठेवता, इतरांचे रडणे कानी पडण्याआधी, शांत खोलीत प्रथम न्यावे. उजवा हात की डावा, हे त्याने निवडावे. आवडीची वस्तू हाती असावी. शिरेतून रक्त घ्यावयाचे असल्यास आधी पाणी पाजावे. शीर लवकर सापडते व दुसऱ्यांदा टोचणे टळते. त्वचा बधिर करणारे मलम लावता येईल काय, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच विचारावे. ते सुमारे तासभर अगोदर लावावे लागते.

एवढे करूनही बालक बिथरले आणि तातडी नसेल, तर आरोग्यसेविकेशी बोलून दुसरा दिवस ठरवावा. जे साधले व जे साधले नाही, ते पालकांच्या संमतीने बालकाच्या नोंदीत दोन ओळींत लिहावे, म्हणजे पुढील वर्गाच्या शिक्षकांना आणि येणाऱ्या आरोग्य पथकाला तेथून पुढे काम करता येईल.