शिनाण्यांचा तराफा : आधी कागद, मग दोर

तायांनो, खाडीचा सातबारा आपल्या नावावर नसतो. खाडी सरकारची. म्हणून शिनाण्यांचा तराफा पाण्यात सोडायच्या आधी परवानगी लागते.

गेल्या वर्षी एका गटाचा अर्ज मी नकाशा न जोडताच दिला. तो परत आला. नोव्हेंबर-डिसेंबरात दोराला बांधायचं बी फेब्रुवारीत बांधलं गेलं. शिनाण्यांना वाढायला साधारण पाच-सहा महिने लागतात. पाऊस लागला की खाडीचं पाणी गोडं होतं, शिनाणे मरतात. त्यामुळे माल बारीक असतानाच काढावा लागला. चूक माझी, नुकसान गटाचं.

म्हणून यंदा अर्ज श्रावणातच द्यायचा. सोबत गटाचा ठराव, ग्रामपंचायतीचं पत्र, जागेचा नकाशा आणि तराफ्याची लांबी-रुंदी जोडायची. मत्स्यव्यवसाय विभागात विचारायचंच. होड्यांच्या वाटेसाठी मेरीटाईम बोर्डाला आणि जवळ तिवरं असतील तर कांदळवन कक्षालाही. बांबू बांधताना तिवराची फांदीसुद्धा तोडायची नाही.

जागा ठरवण्याआधी तिथे जाळी लावणाऱ्यांशी बोला. त्यांची वाट अडली तर हातातला कागदही उपयोगाचा नाही.

आणि अर्जाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका!