किण्वाची कोठी आणि तिची किल्ली

हिंजवडीचें नांव काढलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें संगणकांच्या कचेऱ्या उभ्या राहतात. परंतु मळीपासून मद्यार्क काढण्याचे कारखाने उभारून देणाऱ्या ‘प्राज’ कंपनीचें मुख्य कार्यालयहि तेथेंच आहे. १९८३ सालीं निघालेल्या या कंपनीच्या धंद्यांतील खरा कामकरी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. तो म्हणजे यीस्ट, अर्थात् किण्व. पाव फुगवितो तोच हा एकपेशीय जीव. तो साखरेचा मद्यार्क करतो, हें शाळेंतील मुलांसहि ठाऊक असतें. तो चरबीहि करतो, आणि ती केव्हां करावी याचा हिशेब एखाद्या दक्ष गृहिणीप्रमाणें ठेवतो, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

किण्वाच्या पेशींत फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होतें आणि तेथून दोन वाटा फुटतात. एका वाटेनें पेशीच्या आवरणांचे स्निग्ध पदार्थ होतात, म्हणजे घराच्या नव्या भिंती. दुसरीनें ट्रायग्लिसराइड, म्हणजे कोठींतील तेल. अन्न मुबलक असून वाढ जोरांत असतां भिंती हव्यात; साखर सरत आली कीं कोठी भरली पाहिजे. या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशीं ‘पाह-१’ नांवाचा विकर असतो. ८६२ अमिनो आम्लांची ही माळ. फॉस्फॅटिडिक आम्लावरील फॉस्फेट काढून टाकणें हें तिचें काम.

मौज अशी कीं, दुसऱ्याचें फॉस्फेट काढणाऱ्या या विकराच्याच अंगावर फॉस्फेट चिकटवून त्यास आवरतां येतें! वाढीच्या काळांत सीडीसी-२८ व फो-८५ हे विकर त्याच्यावर सात ठिकाणीं फॉस्फेट चढवितात. मग तो पेशीरसांतच राहतो. ज्या आवरणांत त्याचें काम आहे तेथवर पोंचत नाहीं. आवरणांतील नेम-१ व स्पो-७ ही जोडी तीं फॉस्फेटें उतरविते, तेव्हां तो आवरणास चिकटून कामास लागतो. परंतु असा मोकळा झालेला विकर फार काळ टिकतहि नाहीं. पेशी त्याचा नाश करते. हा विकर मुळींच नसेल तर तेलाचा सांठा घटतो, केंद्रकाचें आवरण भलतेंच पसरतें आणि ३७ अंश उष्णतेंत पेशी वाढत नाहींत.

फॉस्फेट चढवून-उतरवून विकर चालविण्याची ही रीत क्रेब्स व फिशर यांनीं १९५५ सालीं स्नायूंत शोधिली. तीबद्दल त्यांस १९९२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पाह-१ चें जनुक २००६ सालीं अमेरिकेंतील रटगर्स विद्यापीठांत जॉर्ज कार्मन यांच्या प्रयोगशाळेनें ओळखलें. इकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहांत मुंबईजवळील तेलकट समुद्रजलांतून मिळविलेलें ‘यारोविया’ हें किण्व जतन केलेलें आहे. तें तर चरबी सांठविण्यांत निष्णातच.

हें सारें कारखान्यापुरतें असतें तर या पानांत त्यास जागा मिळालीच असती असें नाहीं. पण पाह-१ चा भाऊबंद आपल्या शरीरांतहि आहे. त्यास लिपिन म्हणतात. लिपिन-१ चें जनुक दोहों बाजूंनीं सदोष असलेल्या लहान मुलास साधा ताप आला, तरी त्याचे स्नायू एकाएकीं विरघळूं लागतात, मूत्र गडद तपकिरी होतें आणि प्रसंग जिवावर बेततो. अशा वेळीं त्यास तांतडीनें रुग्णालयांत नेलें पाहिजे. आईबाप बहुधा निरोगी असतात. प्रत्येकाकडे जनुकाची एक प्रत धडकी असते.