रिकामी बिळे पुन्हा का भरतात?

वर्धा जिल्ह्यातील देवळीच्या परिसरात कापसाची काळी जमीन आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. या भेगांत आणि शेताच्या धुऱ्यांत उंदीर राहतात. पावसाळ्यात माती फुगून भेगा मिटतात, बिळांत पाणी शिरते आणि पुष्कळ उंदीर मरतात. मात्र पिके तयार होऊ लागली की उरलेल्यांची संख्या झपाट्याने वाढते. घुशीची मादी तर सुमारे २३ दिवसांत विते! मग सारे शिवार उंदरांनी भरून का जात नाही?

साप, घुबडे आणि अन्नाची टंचाई ही कारणे आहेतच. पण ती नसली तर? अमेरिकेत बाल्टिमोरजवळ जॉन कॅल्हून या शास्त्रज्ञाने १९४७ साली पाव एकराच्या कुंपणात रानटी तपकिरी उंदरांची वसाहत वसवली. अन्न भरपूर होते, शत्रू नव्हता. जननाचा वेग पाहता २७ महिन्यांत तेथे ५,००० प्रौढ उंदीर व्हायला हवे होते. प्रत्यक्षात संख्या १५० वर स्थिरावली. मोठे उंदीर फारसे मरत नव्हते, मरत होती ती पिल्ले. दाटीतील सततच्या झटापटींमुळे माद्यांना पिल्लांची निगा राखता येत नव्हती.

आपल्या शेतातील उंदरांच्या जाती वेगळ्या, त्यांच्या रीतीही वेगळ्या. घुशीला तर बिळात सोबतही फारशी खपत नाही. तरी एक गोष्ट सर्वांना लागू पडते. काही उंदीर मारले की उरलेल्यांना अन्न व जागा अधिक मिळते, त्यांची पिल्ले अधिक जगतात आणि शेजारच्या वावरातील उंदीर रिकाम्या बिळांत येऊन राहतात. म्हणून एकट्या शेतकऱ्याची मोहीम वाया जाते. साऱ्या शिवाराने मिळून, पेरणीपूर्वी, म्हणजे उंदीर थोडे आणि अन्न दुर्मिळ असताना ती केली, तरच उपयोग होतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातून दख्खन सावरत असतानाच उंदरांनी उभी पिके फस्त केली होती, हे विसरून चालणार नाही.

मोहिमेचे यश मोजणे सोपे आहे. शिक्षकांबरोबर जाऊन सायंकाळी धुऱ्यावरील सर्व बिळे मातीने बुजवा. सकाळी जितकी उघडलेली दिसतील, तितकी नांदती समजा. बिळात हात मात्र घालू नका, आत साप असू शकतो. मोहिमेपूर्वी, मोहीम संपताच आणि पुन्हा महिन्याने अशी तीन वेळा मोजणी करा. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला, तर शेजारच्या वावरात काय चालले आहे ते पाहायला हवे.