खासदार किती वर्षांसाठी? आणि त्यांना निवडतं कोण?



आठवीच्या 'भारताची संसद' या पाठावर मुलांना विचारून बघा, "लोकसभेची मुदत किती?" पटापट हात वर होतात, "५ वर्षे!" मग विचारा, "आणि राज्यसभेची?" बरीच मुलं सांगतात, "६ वर्षे!" इथेच गडबड होते. ६ वर्षे ही राज्यसभेच्या सदस्याची मुदत आहे. राज्यसभेला मुदतच नाही, ते कायमस्वरूपी सभागृह आहे. हा फरक घोकून लक्षात राहत नाही, कारण समजलं की मात्र विसरत नाही.

लोकसभा : थेट आपल्या मतावर

लोकसभेचे ५४३ सदस्य आपण थेट निवडतो. महाराष्ट्रातून ४८, गोव्यातून २. मतदारसंघात ज्याला सर्वात जास्त मते, तो खासदार. उमेदवाराचे वय किमान २५ वर्षे हवे. (जुन्या गाइडमध्ये ५४५ हा आकडा दिसेल. त्यातले २ अँग्लो-इंडियन सदस्य राष्ट्रपती नेमत असत. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.)

५ वर्षे मोजायची ती निकालापासून नव्हे, तर लोकसभेच्या पहिल्या बैठकीपासून. आणि ही ५ वर्षे म्हणजे हमी नव्हे, कमाल मर्यादा आहे. १९९८ साली निवडून आलेली लोकसभाच पाहा. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडलं, दुसरं सरकार बनेना, लोकसभा विसर्जित झाली. साधारण १३ महिन्यांत सगळ्यांना पुन्हा मतदारांपुढे जावं लागलं. मध्येच पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या खासदारालाही नवी ५ वर्षे मिळत नाहीत, फक्त उरलेला काळ मिळतो.

मुदत वाढवता येते का?

हुशार मुलं हा प्रश्न विचारतातच. उत्तर आहे, हो, पण फक्त राष्ट्रीय आणीबाणीत. संसद कायदा करून एका वेळी जास्तीत जास्त १ वर्ष वाढवू शकते आणि आणीबाणी उठल्यावर ६ महिन्यांच्या पुढे ही वाढ चालत नाही. असं एकदा घडलंय. १९७१ च्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपणार होती, ती वाढवली गेली. त्याच काळात ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदतच ६ वर्षे केली. १९७७ मध्ये निवडणूक झाली, सत्ता बदलली आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा ५ वर्षे झाली. मुलांना एवढंच सांगा: निवडणूक एक वर्ष पुढे जाते, तेव्हा मत देण्याचा आपला हक्क एक वर्ष थांबतो.

राज्यसभा : कधीच पूर्ण रिकामी न होणारी

राज्यसभेत सध्या २४५ जागा आहेत. २३३ निवडून येतात आणि साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा या क्षेत्रांतले १२ जण राष्ट्रपती नेमतात. लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर असेच नियुक्त सदस्य होते. वयाची अट इथे ३० वर्षे.

निवडून येणाऱ्यांना मत देतात ते निवडून आलेले आमदार. म्हणजे आपण आमदार निवडतो तेव्हा नकळत राज्यसभेचीही पायाभरणी करतो! आमदार पसंतीक्रम देतात. विजयाचा हिशोब सोपा आहे: एकूण मते भागिले (जागा + १), आणि त्यात १ मिळवा. गोव्यात ४० आमदार आणि १ जागा, म्हणजे ४० ÷ २ + १ = २१ मते. महाराष्ट्रात १९ जागा आहेत, पण त्या एकदम भरत नाहीत. समजा ६ जागांची निवडणूक आहे आणि सर्व २८८ आमदारांनी मत दिलं, तर पहिल्या पसंतीची ४२ मते मिळाली की जागा पक्की.

दर २ वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. मग १९५२ साली सगळेच नवे असताना आधी कोण निवृत्त झालं? चक्क चिठ्ठ्या टाकून ठरवलं! काहींना २ वर्षे मिळाली, काहींना ४, काहींना पूर्ण ६.

वर्गात करून बघा

३० मुलांच्या चिठ्ठ्या टाकून १०-१०-१० चे तीन गट करा. पहिला गट 'निवृत्त' करा, त्या जागी १० नवी मुलं बसवा. विचारा, "सभागृह रिकामं झालं का?" नाही. जुनी २० आहेतच. मग सगळ्या ३० जणांना एकदम उठवा. ती झाली लोकसभा.

आता 'दोन सभागृहे कशाला?' याचं उत्तर मुलंच देतील. एका सभागृहात आजचं जनमत लगेच दिसतं. दुसरं हळूहळू बदलतं, म्हणून एका निवडणुकीच्या लाटेत सगळी संसद एकदम बदलत नाही. पालकांनी घरी एवढंच विचारावं, "आपला खासदार कोण, आणि त्याची मुदत कधी संपते?" उत्तर दोघांनी मिळून शोधा.