जुन्या ट्रॅक्टरचा पंखा : दुखणे एकीकडे, औषध भलतीकडे

हंगाम सुरू झाला की ऊस वाहतुकीच्या कामात आम्हाला हमखास येणारा निरोप एकच, "साहेब, ट्रॅक्टर चढाला तापलाय, खेप वाटेतच उभी आहे." तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला तर बरे. उन्हात राहिला की वजन घटते आणि साखरही उतरते. वजनाचा तोटा त्या सभासदाचा, उताऱ्याचा तोटा आपल्या सर्वांचा.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका सभासदाचा वीसेक वर्षांचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. रिकामा जाताना ठणठणीत, पण भरून चढाला लागला की काटा थेट लालवर! मिस्त्री म्हणाला, "हेड उतरवावं लागतंय." म्हणजे चार दिवस ट्रॅक्टर उभा आणि टोळी फडात बसून. आम्ही म्हटले, "दादा, हेडला हात लावायच्या आधी पंखा बघू."

रेडिएटरची जाळी पाचट आणि धुळीने भरली होती. ती इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारून धुतली. पाणी पुरेसे होते. पंख्याचा पट्टा तर पंधरा दिवसांपूर्वीच नवा टाकलेला. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला, तर अर्धा इंच दबला. ताण बरोबर. तरी गाडी पुन्हा तापलीच.

मग ध्यानात आले, की रेस वाढवली की चिरका आवाज येतो आणि चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. या ट्रॅक्टरला पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो हे तिन्ही एकाच पट्ट्यावर. तिघेही एकदम मंदावतात, तर पट्टा घसरतोय हे उघड आहे. पण नवा पट्टा घसरेल कसा?

इंजिन बंद करून पट्टा काढला. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता. इथेच चोर सापडला. हा पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरून चालतो, तळाला टेकायचा नसतो. वर्षानुवर्षे झिजून खाच रुंद झाली, पट्टा खाली बसला आणि पकड गेली. पुली बदलली. त्याच संध्याकाळी भरल्या ट्रॉल्या चढ चढून आल्या, काटा जागचा हलला नाही. हेड होते तसेच राहिले.

म्हणून आमची विनंती, की क्रम चुकवू नका. आधी जाळी, मग पाणी, मग पट्ट्याचा ताण, मग पुलीची खाच. पट्ट्याला तेल लागले असेल तर ते कुठून गळते तेही पाहा. एवढे करूनही तापला, तरच थर्मोस्टॅट आणि पुढचे काम.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालची उकळती वाफ हात-तोंड भाजून काढते. पट्टा तुटला असेल तर इंजिन लगेच बंद करा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते.

हंगामापूर्वी अर्धा तास या पंख्यापाशी बसा. खेप वेळेवर आली, तर तुमचाही फायदा आणि कारखान्याचाही.