विश्लेषण : ‘मॉर्टल कॉम्बॅट’ मुलांच्या हाती द्यावा का?

पडद्यावर दोन लढवय्ये, वर दोघांच्या ताकदीच्या पट्ट्या. ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला. मारामारीच्या बहुतेक व्हिडीओ गेमचा साचा हाच. तरीही त्यातला एक गेम तेरा वर्षांच्या मुलाला चालतो आणि दुसरा सतराच्या आत नको, असे का? मूल हट्ट धरून बसते तेव्हा पालकांनी नेमके काय पाहावे?

वाद कधीपासूनचा?

‘मॉर्टल कॉम्बॅट’ १९९२ मध्ये आला. हरलेल्याचा क्रूरपणे शेवट करणारी ‘फेटॅलिटी’ ही त्याची ओळख. १९९३ मध्ये तो घरगुती कन्सोलवर आला. निन्टेन्डोने रक्ताऐवजी घाम दाखवला. सेगाच्या आवृत्तीत मात्र एक कोड टाकला की रक्त दिसे. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये यावर सुनावणी झाली. सरकारी बंधने टाळण्यासाठी गेम उद्योगानेच १९९४ मध्ये ‘ईएसआरबी’ ही रेटिंग संस्था उभी केली.

रेटिंग काय सांगते?

‘टेकन ८’ आणि ‘स्ट्रीट फायटर ६’ यांना ‘टी’, म्हणजे १३ वर्षे व पुढे, असे रेटिंग आहे. २०२३ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ला ‘एम’, म्हणजे १७ वर्षे व पुढे. ठोसे तिन्हींत आहेत. फरक पडतो तो रक्तपात किती, हिंसा किती बारकाईने दाखवली आणि भाषा कशी, यावरून. रेटिंग गेम किती अवघड आहे हे सांगत नाही. ऑनलाइन खेळताना समोरचा अनोळखी माणूस काय बोलेल, याचीही हमी देत नाही.

मोबाइलवर काय?

भारतात प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे दिसतात. गेम बनवणाऱ्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ते ठरतात. म्हणून केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही.

हिंसक गेममुळे मूल हिंसक होते का?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये मांडलेली भूमिका दोन्ही टोके टाळते. अशा गेमचा ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमक वागण्याशी थोडा पण सातत्याने संबंध दिसतो. मात्र गंभीर गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणजे ‘काही होत नाही’ हेही खरे नाही आणि ‘मूल बिघडलेच’ हेही नाही.

पालकांनी काय करावे?

● आकड्याखालचे वर्णन वाचा : ‘हिंसा’ आणि ‘तीव्र हिंसा, रक्तपात’ यांत मोठे अंतर आहे.
● यूट्यूबवर प्रत्यक्ष खेळाचा दहा मिनिटांचा व्हिडीओ आधी स्वतः पाहा. जाहिरात पुरेशी नाही.
● प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ सुरू करून पिन टाका. आधीच डाउनलोड केलेल्या गेमला ही मर्यादा लागू होत नाही. ते वेगळे तपासावे लागतात.
● अनोळखी लोकांशी चॅट आणि गेममधील खरेदी बंद ठेवा.
● दोन-चार डाव मुलासोबत खेळा. हरल्यावर ते चिडते का, रात्री घाबरते का, भावंडांवर तेच डाव करते का, हे पाहा.

एकाच वयाची दोन मुले सारखी नसतात. एकाला जे गमतीचे वाटते, त्याने दुसऱ्याची झोप उडते. नकार द्यायचा असेल तर कारण सांगा आणि वयाला साजेसा दुसरा गेम सुचवा. नाहीतर तोच गेम मित्राच्या फोनवर खेळला जाईल आणि घरात कळणारही नाही.